मदरबोर्डची पारख

(नाशिक येथे संगणक जुळणीविषयी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज इथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी कॅडवर काम करणारे डिझायनर आहेत, लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करणारे व्यावसायिक आहेत आणि २०२७ च्या सिंहस्थातील चित्रीकरणाची कामे डोळ्यांसमोर ठेवून नवा संगणक जुळवू पाहणारेही काही जण आहेत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा निर्णय बहुतेकांनी घेतलेला असतो, कारण त्यांचे वेग आकड्यांत मोजता येतात. अडतो तो मदरबोर्डापाशी, म्हणजे हे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डापाशी. एकाच प्रोसेसरला चालणारे बोर्ड दहा-बारा हजारांपासून लाखापर्यंत मिळतात आणि खोक्यावरच्या मजकुरावरून त्यांतला फरक कळत नाही.

महाग बोर्ड घेतल्याने संगणक वेगवान होत नाही. वीजमर्यादा सारख्या ठेवल्या तर एकच प्रोसेसर दोन चांगल्या बोर्डांवर जवळजवळ सारखेच काम करतो. बोर्डाचे काम इतर भागांना त्यांचा हक्काचा वेग मिळू देणे आणि तो मे महिन्यातल्या दुपारीही, चार-पाच वर्षांनंतरही मिळू देणे, हे आहे. म्हणून बोर्डाची पारख करताना तो काय वाढवून देतो यापेक्षा कुठे हात आखडता घेतो हे शोधावे, असे माझे मत आहे. आणि हे शोधण्याची जागा म्हणजे बोर्डाचे मॅन्युअल, जे उत्पादकाच्या संकेतस्थळावर खरेदीपूर्वीच फुकट वाचायला मिळते.

प्रथम वीजपुरवठ्याचा विचार करू. पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात, तर प्रोसेसरच्या गाभ्याला लागतात साधारण एक ते सव्वा व्होल्ट. हा दाब उतरवण्याचे काम सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागेच्या, भोवतीचे व्हीआरएम (व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल) करते. त्यात एक नियंत्रक चिप, विजेची उघडझाप करणारे पॉवर स्टेज, चोक नावाची वेटोळी आणि वीज साठवणारे कपॅसिटर असतात आणि पॉवर स्टेज व चोकची एक जोडी म्हणजे ढोबळमानाने एक फेज. खोक्यावर ‘१४+२+१’ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा गाभ्यासाठीच्या फेजचा. आता जाहिरात सांगते की प्रत्येक स्टेज ८० अँपिअरचा आहे, म्हणजे एकूण १,१२० अँपिअर. एएमडी कंपनीच्या रायझन ९ ९९५०एक्स या १६ कोअरच्या प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे कूलर निवडण्यासाठी कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा, १७० वॅट आहे. सॉकेटमधून तो जास्तीत जास्त २३० वॅट घेतो आणि त्याच्या सततच्या प्रवाहाची मर्यादा १६० अँपिअर आहे. अकराशे अँपिअरची त्याला कधीच गरज पडत नाही. मग जास्त फेज कशासाठी? तर उष्णतेसाठी. १६० अँपिअर १४ फेजमध्ये विभागले की प्रत्येकाच्या वाट्याला साडेअकरा येतात. स्वस्त बोर्डाच्या सहा फेजमध्ये विभागले की सत्तावीसच्या आसपास. वहनात होणारी ऊर्जाहानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे स्टेज त्याच प्रतीचा असला तरी एकेका फेजमधील ही हानी पाचपटीहून जास्त होते, आणि त्यावर उष्णता खेचून घेणाऱ्या हीटसिंकच्या नावाखाली नुसता प्लॅस्टिकचा देखणा मुलामा असेल तर ती उष्णता जायची कुठे?

इथे मी एक स्पष्ट शिफारस करतो. १७० वॅट वर्गातल्या प्रोसेसरसाठी, ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, करायचे नसेल तर, चांगल्या पॉवर स्टेजचे बारा ते सोळा फेज आणि खऱ्या वजनाचे, पंख काढलेले अॅल्युमिनियमचे हीटसिंक एवढे पुरेसे आहे. वीस-बावीस फेजसाठी मोजलेले वरचे पैसे त्या ग्राहकाला परत मिळत नाहीत. ते पैसे मेमरीत किंवा चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घालावेत. उलट ६५ वॅटच्या प्रोसेसरला सॉकेट कमाल ८८ वॅट देतो. त्याच्यासाठी एएमडीच्या बी६५० मालिकेचा साधा बोर्डही निर्धास्तपणे चालतो.

नाशिककरांनी एक हिशेब मात्र स्वतःच करायला हवा. परदेशी परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोलीत, एकवीस-बावीस अंशांवर केलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी अडतीस अंश सहज होतात. खोलीचे तापमान जितके वाढते, जवळजवळ तितकेच व्हीआरएमचेही वाढते. म्हणजे परीक्षणात ७५ अंश दिसणारा बोर्ड आपल्याकडे नव्वदीच्या घरात जातो. त्यात ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये दोन-तीनशे वॅट उष्णता सोडत असते. शिवाय हल्ली अनेक जण पाण्यावर चालणारा कूलर बसवतात. त्याने प्रोसेसर थंड राहतो, पण सॉकेटजवळचा पंखा नाहीसा झाल्याने व्हीआरएमवरून वाहणारी हवाही थांबते. हवेवर चालणारा उभा कूलर ती थोडीफार तरी फिरवत असतो. कपॅसिटरच्या आयुष्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. बोर्डावरच्या पॉलिमर कपॅसिटरच्या बाबतीत उत्पादकांचा ठोकताळा असा, की तापमान वीस अंशांनी उतरले की आयुष्य दहापट होते. याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे.

बोर्ड हातात आल्यावर हे तपासता येते. कॅबिनेट पूर्ण बंद करावे, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) अर्धा तास सलग चालवावे आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वेग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तीन ओळींवर लक्ष ठेवावे: प्रोसेसरचे तापमान, व्हीआरएमचे तापमान आणि सर्व कोअरचा सरासरी वेग. दुसऱ्या मिनिटाचा वेग लिहून ठेवावा आणि तिसाव्या मिनिटाचा त्याच्याशी ताडून पाहावा. प्रोसेसर त्याच्या ९५ अंशांच्या मर्यादेच्या आत असूनही वेग खाली घसरत असेल, तर पहिला संशय व्हीआरएमवर घ्यावा. बोर्डच प्रोसेसरला हळू चालायला सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. ही चाचणी सकाळी सातला करू नये, दुपारी तीनला करावी.

आता लेनविषयी, म्हणजे प्रोसेसरपासून इतर भागांपर्यंत माहिती नेणाऱ्या मार्गांविषयी बोलू, कारण फसगत सर्वांत जास्त इथे होते आणि ती महागड्या बोर्डांवरही होते. पीसीआय एक्सप्रेसची एक लेन तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट, चौथ्या पिढीत २ आणि पाचव्या पिढीत ४ गिगाबाइट माहिती एका दिशेने वाहून नेते. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या रायझन ९००० मालिकेतील प्रोसेसरकडे अशा २८ लेन आहेत. त्यांतल्या चार चिपसेटला, म्हणजे यूएसबी, नेटवर्क आणि जास्तीचे ड्राइव्ह सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपला, जोडण्यात जातात आणि चोवीस उरतात: ग्राफिक्स कार्डाला सोळा, पहिल्या एम.२ ड्राइव्हला (बोर्डावरच बसणाऱ्या वेगवान एसएसडीला) चार आणि इतर वापरासाठी चार. बोर्ड वीस हजारांचा असो वा ऐंशी हजारांचा, हा साठा वाढत नाही. आपल्याकडे कालव्याच्या आवर्तनात धरणातून सुटलेले पाणी ठरलेले असते आणि एका चारीचे दार उघडले की दुसरीचे कमी करावे लागते, तसाच हा व्यवहार आहे.

एक्स८७० आणि एक्स८७०ई या २०२४ च्या चिपसेटांवर एएमडीने यूएसबी४ हे वेगवान पोर्ट बंधनकारक केले. त्याचा नियंत्रक प्रोसेसरच्या चार लेन घेतो, म्हणजे वर सांगितलेल्या ‘इतर वापराच्या’ चार लेन बहुधा तिकडे जातात. मग खोक्यावर छापलेले चार-पाच एम.२ स्लॉट पूर्ण वेगाने चालवायचे तर लेन आणायच्या कुठून? काही बोर्डांनी उत्तर असे काढले आहे, की दुसऱ्या किंवा तिसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवला की ग्राफिक्स कार्डाचा सोळा लेनचा स्लॉट आठवर येतो. काही बोर्डांवर ड्राइव्ह बसवल्यावर यूएसबी४चा वेग अर्धा होतो. ही गोष्ट मॅन्युअलमध्ये सांगितलेली असते, पण स्टोरेजच्या तक्त्याखाली, बारीक अक्षरांतल्या तळटीपेत. ‘शेअर्स बँडविड्थ विथ’ या तीन शब्दांचा शोध मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये घ्या आणि जिथे जिथे ते सापडतील ती वाक्ये वहीत उतरवून घ्या. माझ्या मते खरेदीपूर्वी यासाठी दिलेली पंधरा मिनिटे परीक्षणांचे तासभराचे व्हिडिओ पाहण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आठ लेन म्हणजे लगेच अनर्थ, असेही कोणी समजू नये. पाचव्या पिढीच्या आठ लेन चौथ्या पिढीच्या सोळा लेनांइतक्याच, म्हणजे सुमारे ३२ गिगाबाइट क्षमतेच्या असतात, आणि नव्या ग्राफिक्स कार्डाला खेळांत त्याने फारसा फरक पडत नाही. पण कार्ड जुने, चौथ्या पिढीचे असेल तर तेच कार्ड १६ गिगाबाइटवर येते, आणि थ्रीडी रेंडरिंगमध्ये मोठमोठे देखावे कार्डाच्या मेमरीत भरावे लागत असतील तर ते जाणवू शकते.

व्हिडिओ संपादकांनी चिपसेटच्या मागे काय टांगले आहे हेही पाहावे. एएम५वर प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातला दुवा चौथ्या पिढीच्या चार लेनचा, म्हणजे जेमतेम ८ गिगाबाइटचा आहे. एक्स८७०ईमध्ये चिपसेटच्या दोन चिप साखळीने जोडलेल्या असतात, पण प्रोसेसरकडे जाणारा दुवा तोच एक. त्यामुळे चिपसेटवर बसवलेल्या दोन ७ गिगाबाइटच्या ड्राइव्हवरून एकाच वेळी फुटेज वाचायचे झाले तर दोघांना मिळून तेवढ्यातच भागवावे लागते, आणि त्याच दुव्यावरून नेटवर्क आणि बहुतेक यूएसबी पोर्टांचीही ये-जा चालू असते. इंटेलच्या झेड८९० बोर्डांवर हा दुवा आठ लेनचा, म्हणजे दुप्पट रुंद आहे. ज्यांचे काम चार-पाच वेगवान ड्राइव्हवर एकदम चालते त्यांनी इंटेलचा विचार का करावा, याचे हे एक खरे कारण आहे. आणि जुन्या हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षांची लग्ने साठवून ठेवणाऱ्यांनी त्या जोडण्याचे साटा पोर्ट मोजून घ्यावेत. नव्या बोर्डांवर ते चारच असतात, कधी दोनच.

मेमरीच्या बाबतीत चार स्लॉट दिसले म्हणून चारही भरण्याचा मोह होतो. डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीत तो टाळावा. रायझन ९००० मालिकेसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन मॉड्यूलना डीडीआर५-५६०० आहे आणि चार मॉड्यूलना थेट ३६००. चार मॉड्यूल ६००० वर चालवणारे बोर्ड सापडतात, पण ते त्या जुळणीचे नशीब झाले, हमी नव्हे. आज ३२ गिगाबाइटची मेमरी आणि पुढे पुन्हा तेवढीच, असा बेत करण्याऐवजी पहिल्याच दिवशी दोन मोठी मॉड्यूल घ्यावीत, ती सॉकेटपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवावीत आणि त्यांचा नेमका क्रमांक बोर्डाच्या क्यूव्हीएलमध्ये, म्हणजे उत्पादकाने तपासलेल्या मेमरीच्या यादीत, आहे का ते पाहावे. पहिल्यांदा सुरू करताना मेमरीचे ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने तिच्याशी जुळवून घेणे, चालते, त्यात काही मिनिटे पडदा काळा राहतो. या वेळी घाबरून बटण दाबून संगणक बंद करू नये. कोणत्या टप्प्यावर काम अडले आहे हे दाखवणारे चार छोटे दिवे किंवा दोन आकड्यांचा कोड ज्या बोर्डावर असतो, तो बोर्ड मी हजार-दोन हजार जास्त देऊनही घ्यायला सांगतो.

बायोसकडे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामकडे, फार थोडे लोक बघतात, आणि गेल्या काही वर्षांत खरी नुकसानी इथूनच झाली. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना समोर आल्या, तेव्हा काही बोर्ड प्रोसेसरमधल्या एसओसी या भागाला जास्त व्होल्टेज देत असल्याचे दिसले आणि एएमडीने नव्या बायोसद्वारे ती मर्यादा १.३ व्होल्टवर बांधली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे उघड झाले; ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, आला आणि इंटेलने हमी दोन वर्षांनी वाढवली. त्याआधी अनेक बोर्ड कारखान्यातूनच इंटेलने शिफारस केलेल्या वीजमर्यादा सैल सोडून येत होते, कारण तसे केले की परीक्षणांत दोन-तीन टक्के वरचा आकडा मिळतो. म्हणून ज्या बोर्डाचा विचार करत आहात त्याच्या सपोर्ट पानावर जाऊन बायोसच्या तारखा वाचा. वर सांगितलेल्या प्रसंगांनंतर त्या उत्पादकाचा दुरुस्त बायोस किती दिवसांत आला आणि दोन-तीन वर्षे जुन्या मॉडेलना आजही नवे बायोस मिळतात का, यावरून त्याचे चारित्र्य कळते. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलू देणारे बटण असावेच. दुकानात पडून राहिलेल्या बी६५० बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून त्याची गरज पडते.

ध्वनी, वाय-फाय आणि दिव्यांच्या सजावटीवर मी वेळ घालवत नाही. नेटवर्कचे २.५ गिगाबिटचे पोर्ट बहुतेक बोर्डांवर असते. १० गिगाबिटसाठी जास्त पैसे तेव्हाच द्यावेत जेव्हा समोर तेवढ्या वेगाचा स्विच आणि स्टोरेज खरोखर असेल.

राहिली गोष्ट प्रत्यक्ष खरेदीची. वरच्या श्रेणीचे बोर्ड नाशिकच्या दुकानांत नेहमी हजर नसतात. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून मागवले जातात किंवा ऑनलाइन येतात. खोके उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा. सॉकेटचे प्लॅस्टिकचे झाकण काढून, मोबाइलचा दिवा तिरका धरून, आतल्या पिनांच्या रांगा वेगवेगळ्या बाजूंनी पाहा: सरळ रांगांत प्रकाश एकसारखा चमकतो आणि वाकलेली पिन असेल तिथे तो तुटतो. एएम५मध्ये अशा १,७१८ पिना बोर्डावरच असतात आणि वाकलेली पिन बहुधा हमीत बसत नाही, त्यामुळे हे प्रोसेसर बसवण्याआधीच, शक्यतो दुकानदारासमोरच झाले पाहिजे. ते झाकण फेकू नका. बोर्ड दुरुस्तीला पाठवताना ते लागते. हमीची तीन वर्षे कोण सांभाळणार, बोर्ड इथेच स्वीकारला जातो की पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो आणि तेवढ्या दिवसांत आपले काम कशावर चालणार, हे दुकानदाराला बिल करण्याआधी विचारा आणि मिळालेले उत्तर बिलावर लिहून घ्या.