काठावरनं आत

(दृश्य: सारवलेलं अंगण, सकाळ. चार कोपऱ्यांवर चार दगड.)

सोमवार. गडहिंग्लज भागातल्या या अंगणात आक्कांनी जुनं लुगडं उलगडलंय. नऊवारी, म्हणजे २७ फूट. मोठ्या वाकळेसाठी, म्हणजे गोधडीसाठी, त्याचे चार तुकडे पडतात. दोन जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. आजची वाकळ लहान आहे, बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या बाळासाठी. अर्ध्या लुगड्यात भागेल.

आत विरलेल्या साड्या आणि एक धोतर. नवं कापड आक्का आत घालत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच त्या हाताने चाचपून निवडतात. हे निवडणं बघत राहावं असं आहे. कापड दोन बोटांत धरायचं, जरा ताणायचं, फाटेल की टिकेल ते कानाने ओळखायचं.

(दृश्य: ठिगळांचा ढीग. जवळून.)

मंगळवार, बुधवार ठिगळांचे. परकराची किनार, झबल्याची बाही, शिंप्याकडची कात्रणं. मोजपट्टी नाही, वीत आणि बोट. कडा दुमडून कच्चा टाका घातला की तुकडा जागेवर बसला. लालाशेजारी पिवळा आला, मग हिरवा उचलून परत ठेवला. आक्का मांडतात, उठतात, लांबून बघतात. याला कुणी चिंध्या जोडणं म्हणत असेल, तर त्याने ही पाच मिनिटं सलग पाहावीत.

मग दाभण आणि धावदोरा. टाके बाहेरच्या काठाने सुरू होतात. चारी बाजूंनी एक फेरा पुरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा. चौकोनात चौकोन. दर टाक्याला डावा तळवा कापड सपाट करत पुढे जातो, सैल पडलेलं कापड थोडं थोडं जिरवतो.

(दृश्य: घराच्या आत. मोटर लावलेलं शिलाई मशीन.)

शुक्रवारी मशीन. सून ब्लाउज शिवते. आता तिला याच मशीनवर मोठी वाकळ घालायचीय. पहिल्या रेघेलाच चुण्या पडल्या. मशीनचे दात खालचं कापड ओढतात आणि वरचे थर मागे राहतात. सगळं उसवलं. मग जाड सुई बसवली, टाका मोठा केला, आणि कापड दाबून धरणारा वॉकिंग फूट लावला. या फूटला स्वतःचे दात असतात, त्यामुळे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकतं. वाकळेच्या दोन्ही बाजू गुंडाळून मशीनच्या बगलेतून पुढे ढकलायच्या. आणि शिलाई सुरू करायची ती मधून, म्हणजे सैल कापड काठाकडे निघून जातं.

आक्कांचा हात जन्मभर काठावरनं आत गेलेला. त्या मशीनपाशी उभ्या राहून बराच वेळ नुसतं बघतात.

(दृश्य: सून तुकडा दुमडून दाखवतेय.)

सुनेचं माहेर बेळगावच्या खानापूरकडचं. तिथल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तिने लहानपणापासून पाहिलीय. कवंदीत ठिगळांचा पट वेगळा जोडत नाहीत. काठापासून एकेक तुकडा थेट थरांवर दुमडून शिवत आत यायचं, तुकडे जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात. कोपऱ्यांना घड्या घातलेली कापडी फुलं लावतात; फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते. शनिवारी आक्कांनी चार फुलं केली. तीन उसवली, परत केली.

या सगळ्याची मजुरी गावात अजून घासाघीस करूनच ठरते. दोरा ओवायला आता आक्कांना नातू लागतो.

(दृश्य: रविवार, दुपार. वाकळेच्या मधोमध उघडी राहिलेली फट.)

शेवटचा फेरा. मध्यावर वीतभर जागा उरलीय. आक्का घरातून भाकरीचा तुकडा आणतात, हळदकुंकू लावतात, तुकडा आत सारतात. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मग टाका घालून तोंड बंद.

(दृश्य: आतून मशीनचा आवाज. तो थांबतो. सून दारात.)

“आत्ती, माझी मधनंच सुरू हुतीया. घास कुठं ठेवू?”

आक्का दाताने दोरा तोडतात.

“मग आगुदरच जेवू घाल की तिला.”