इथाकेचा किनारा लागल्यानंतर

मित्रहो, ओडिसियसची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी कुठे ना कुठे ऐकलेली असते, आणि ती ऐकलेली असते समुद्राची गोष्ट म्हणून. एका डोळ्याचा राक्षस, वाऱ्यांची पिशवी, माणसांची डुकरं करणारी सर्सी, गाण्यानं खलाशांना ओढून घेणाऱ्या सायरन. ट्रॉयचं युद्ध १० वर्षं चाललं, घरी पोचायला या माणसाला आणखी १० वर्षं लागली, आणि त्या प्रवासाचं वर्णन म्हणजे ‘ओडिसी’, असं आपण धरून चालतो. मला आज एक साधा हिशेब तुमच्यापुढे मांडायचा आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर असलेल्या या काव्याचे २४ सर्ग आहेत. राक्षसांची आणि जादूची सगळी सफर ९ ते १२ या चार सर्गांत आटोपते. १३व्या सर्गात ओडिसियस आपल्या बेटाच्या, इथाकेच्या किनाऱ्याला लागतो, आणि त्या वेळी जवळजवळ निम्मं काव्य अजून शिल्लक असतं.

हे निम्मं काव्य कशासाठी? माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या कवीच्या लेखी माणूस किनाऱ्याला लागला म्हणजे घरी आला असं होत नाही. घरच्यांनी त्याला ओळखावं लागतं, आणि त्यानं स्वतःला ओळखू द्यावं लागतं. यातलं दुसरं ओडिसियसला फार जड जातं, कारण परतीच्या प्रवासात तो जगला तोच स्वतःला लपवून.

लपवण्याची सुरुवात कुठे होते ते पाहा. एका डोळ्याच्या राक्षसाच्या, पॉलिफीमसच्या गुहेत तो आपलं नाव ‘कुणीच नाही’ असं सांगतो. डोळा फोडल्यावर राक्षस ओरडतो, शेजारचे राक्षस बाहेर जमतात, ‘तुला कोण मारतंय?’ विचारतात, आणि आतून उत्तर येतं, ‘कुणीच नाही.’ ते निघून जातात. इथवर ही युक्तीची गोष्ट आहे. पण जहाज किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ओडिसियसला राहवत नाही. सोबती विनवत असताना तो ओरडून सांगतो, तुझा डोळा फोडणारा इथाकेचा ओडिसियस, लाएर्टीजचा मुलगा. नाव कळलं म्हणून शाप देता आला. पॉलिफीमस आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला साकडं घालतो: हा घरी पोचू नये, आणि पोचणं नशिबातच असेल तर उशिरा पोचावा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरातही त्याला संकटच दिसावं. या शापातला शब्द न् शब्द खरा होतो. ओडिसियस त्यातून शिकतो ते हे, की आपण कोण आहोत हे सांगणं घातक असतं.

पुढची गोष्ट वाऱ्यांच्या पिशवीची. ती मला या सफरीतली सगळ्यात दुःखद वाटते, राक्षसांच्या गुहेपेक्षाही. वाऱ्यांचा राखणदार इओलस सगळे प्रतिकूल वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत बांधून देतो आणि फक्त पश्चिमेचा वारा मोकळा ठेवतो. नऊ दिवस, नऊ रात्री जहाजं चालतात. दहाव्या दिवशी इथाका दिसते. इतकी जवळ, की शेकोट्या राखणारी माणसं दिसतात. नऊ दिवस शिडाची दोरी ओडिसियसनं कुणाच्या हाती दिलेली नसते. आता त्याला झोप लागते. सोबत्यांना वाटतं, पिशवीत सोनं-चांदी आहे आणि हा एकटाच घेऊन चाललाय. ते गाठ सोडतात. वादळ त्यांना पुन्हा इओलसच्या बेटावर नेऊन टाकतं.

चूक सोबत्यांची, असं आपण पटकन म्हणतो. पण पिशवीत काय आहे हे त्यानं त्यांना सांगितलं होतं, असं काव्यात कुठेच येत नाही. आपल्याच माणसांबरोबर १० वर्षं लढलेला सेनापती त्यांच्यापासून एवढी गोष्ट दडवतो, आणि तीही त्याच्याविषयी लगेच वाईट समजून घेतात. त्यानंतर लेस्ट्रिगोनियन नरभक्षकांनी १२ पैकी ११ जहाजं फोडली. उरलेलं एक जहाज थ्रिनाकिया बेटावर सूर्याची गुरं मारून खाल्ल्याबद्दल देवांचा राजा झ्यूसच्या विजेनं गेलं. ओडिसियस एकटा वाचला आणि कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षं अडकला.

काव्यात तो पहिल्यांदा आपल्याला दिसतो तो इथेच, पाचव्या सर्गात. पहिले चार सर्ग त्याच्या मुलाचे, टेलेमाकसचे आहेत. नायक समोर येतो तेव्हा तो समुद्रकाठी बसून रडत असतो. कॅलिप्सो त्याला अमरत्व देऊ करते. तो म्हणतो, देवी, रागावू नकोस, माझी बायको पेनेलोपी तुझ्यापुढे रूपानं आणि बांध्यानं कमीच आहे हे मी जाणतो, ती मर्त्य आहे, तू अमर. तरी मला रोज घरचीच आस लागते. माणसानं म्हातारं होणं स्वीकारून अमरत्व नाकारल्याची याहून साधी ओळ मी वाचलेली नाही.

आता कॅलिप्सोकडून सुटल्यावर ओडिसियस ज्यांच्या किनाऱ्याला लागतो त्या फायेशियन लोकांच्या दरबारात येऊ, कारण इथे एक उपमा आहे आणि तिच्यावर मला थोडं थांबायचं आहे. राजा अल्किनोअसच्या पंगतीत आंधळा गायक डेमोडोकस गातो आहे. आपल्याकडे पोवाड्यात शाहीर लढाई उभी करतो तसंच हे. पाहुणा कोण आहे हे कुणालाच ठाऊक नाही. तो पाहुणाच गायकाला मांसाचा उत्तम तुकडा पाठवून सांगतो, लाकडी घोड्याचं गाणं गा. म्हणजे स्वतःच्याच पराक्रमाचं. गाणं सुरू होतं, आणि ज्याच्या युक्तीनं ट्रॉय पडलं तो माणूस रडू लागतो. कसा रडतो? कवी म्हणतो, एखाद्या बाईसारखा. तिचा नवरा शहर आणि पोरंबाळं वाचवताना वेशीपुढे पडला आहे, ती त्याला तडफडताना पाहते, त्याच्या अंगावर कोसळून हंबरडा फोडते, आणि मागून शत्रूचे सैनिक तिच्या पाठीखांद्यांवर भाले टोचत तिला गुलामीत ओढून नेताहेत.

ही बाई ट्रॉयची असू शकते. कवी तिचं नाव-गाव देत नाही, पण ट्रॉय पडल्याचं गाणं चालू असताना दुसरं कोणतं शहर मनात येणार? जिंकणाऱ्याचं रडं त्यानं हरलेल्याच्या तोंडचं केलं आहे. मला वाटतं, साऱ्या काव्याचं मर्म या काही ओळींत आहे. आणि या रडण्यानंतरच, राजानं विचारल्यावर, पाहुणा आपलं नाव सांगतो.

फायेशियन खलाशी त्याला झोपेत असताना इथाकेच्या किनाऱ्यावर ठेवून जातात. जाग येते तेव्हा अथीना देवीनं पसरलेल्या धुक्यामुळे त्याला स्वतःचंच बेट ओळखू येत नाही. तो मांड्या बडवतो, आणि मग फायेशियनांनी दिलेल्या भेटवस्तू मोजून पाहतो, काही चोरीला तर गेलं नाही ना. अथीना मेंढपाळ पोराच्या रूपात येते तर तिलाही तो खोटं सांगतो, मी क्रीटचा, खून करून पळालोय. देवी हसते, त्याला हातानं कुरवाळते. पण त्यानंतर हेच खोटं वेगवेगळ्या तपशिलांनी तो डुकरं राखणाऱ्या इमानी युमायसला सांगतो, पेनेलोपीला सांगतो. अगदी पेनेलोपीला!

त्याला कारण आहे. पाताळात ग्रीकांच्या मेलेल्या सरसेनापतीच्या, अ‍ॅगमेम्नॉनच्या सावलीनं त्याला बजावलं होतं, गुपचूप जा, बायकांवर विसंबू नकोस. अ‍ॅगमेम्नॉन सरळ घरी गेला आणि बायकोच्या कटात पंगतीतच मारला गेला. इथे घरात पेनेलोपीशी लग्न करू पाहणारे १०८ मागणीदार बसलेत, त्याची गुरं कापून खाताहेत. भिकाऱ्याचं सोंग गरजेचं होतं हे मान्य. तरीही या सोंगाची किंमत कवी एकेक प्रसंगानं मोजत जातो.

आर्गोस कुत्र्याचं पाहा. ओडिसियसनं त्याला पाळलं आणि शिकारीला न्यायच्या आधीच तो युद्धावर गेला. विसाव्या वर्षी तो शेणाच्या ढिगावर पडलाय, अंगभर गोचिड्या. धन्याचा आवाज ऐकून तो शेपूट हलवतो, कान पाडतो, जवळ यायची ताकद नाही. आणि धनी? शेजारी युमायस आहे म्हणून तोंड फिरवून डोळे पुसतो आणि आत जातो. कुत्रा तिथेच मरतो. त्याला एक हात लावणंही ओडिसियसला परवडत नाही.

मग दाई युरिक्लिया. पाय धुताना तिच्या हाताला मांडीवरचा व्रण लागतो. तरुणपणी आजोळी, पार्नासस डोंगरावर, रानडुकरानं केलेली जखम. तिच्या हातून पाय सुटतो, काशाच्या भांड्यावर आदळतो, पाणी सांडतं. ती आनंदानं काही बोलणार तोच तो उजव्या हातानं तिचा गळा धरतो. बोललीस तर तुलाही सोडणार नाही, जरी तू मला अंगावर पाजलं आहेस तरी. ज्या बाईचं दूध प्यायला तिच्या गळ्यावर हात! व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर बोस्टनमध्ये उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी २००२ साली या काव्यावर पुस्तक लिहिलं आणि ओडिसियसमध्ये त्यांना आपले रुग्ण दिसले. युद्धात ज्या सवयींनी जीव वाचतो त्या घरात आल्या की घर धोक्यात येतं. हे वाचताना मला हाच प्रसंग आठवतो.

धनुष्याचा भाग मी इथे भराभर ओलांडतो. १२ कुऱ्हाडींतून बाण काढण्याचा पण, आणि धनुष्य वाकवता न येणारे मागणीदार. सीतेचं स्वयंवर ज्यांनी ऐकलंय त्यांना हे नवीन नाही. मग कत्तल. पण त्या कत्तलीनंतर मागणीदारांशी संबंध ठेवणाऱ्या १२ दासींकडून आधी प्रेतं उचलून घेतली जातात, दालन धुऊन घेतलं जातं, आणि मग टेलेमाकस त्यांना एका दोरावर फाशी देतो. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, असं कवी लिहितो. या ओळीवरून घाईनं पुढे जाऊ नये. घर शुद्ध झालं असं ओडिसियस मानतो. मला ते मान्य करवत नाही.

आणि मग पेनेलोपी. तिच्याविषयी आपण विणलेलं उसवणारी वाट पाहणारी बायको एवढंच लक्षात ठेवतो. सासऱ्याच्या कफनाचं कापड दिवसा विणून रात्री उसवून तिनं तीन वर्षं सगळ्यांना फसवलं. म्हणजे युक्तीत ती नवऱ्याच्या तोडीची आहे. ‘मी आलोय’ म्हणणाऱ्या माणसावर ती विश्वास ठेवत नाही. दाईला सहज सांगते, त्यांचा पलंग बाहेर काढून अंथरूण घाल. आणि ओडिसियस भडकतो. तो पलंग हलूच शकत नाही! जिवंत ऑलिव्हच्या झाडाचं खोड तासून त्यानं स्वतः तो घडवला आहे, मुळं जमिनीत आहेत. कोणी कापलं ते झाड? थोड्या दिवसांत एवढी खोटी चरित्रं रचणाऱ्या माणसाच्या तोंडून रागाच्या भरात खरं निघतं. त्याला पहिल्यांदा कुणीतरी सोंगाबाहेर ओढून काढलं, आणि तेही कुणी, तर त्याच्या बायकोनं. ती त्याच्या गळ्यात पडते तेव्हा कवी म्हणतो, फुटलेल्या जहाजातून पोहत आलेल्या, मिठानं माखलेल्या माणसाला जमीन दिसावी तसं झालं. वाचताना वाटतं हे ओडिसियसबद्दल आहे. ओळी संपता संपता कळतं, ते पेनेलोपीबद्दल आहे. समुद्र तिनंही पोहून काढला होता.

अलेक्झांड्रियाच्या जुन्या पंडितांनी, अ‍ॅरिस्टोफेनीस आणि अ‍ॅरिस्टार्कस यांनी, २३व्या सर्गात दोघं शयनगृहात जातात तिथेच काव्य संपवलं पाहिजे असं म्हटलं. पुढचं मागून जोडलेलं असावं, असा वाद आजही चालतो. मला मात्र २४वा सर्ग हवा आहे, दोन कारणांसाठी.

एक, लाएर्टीज. म्हातारा बाप फाटक्या कपड्यांत बागेत खुरपतोय. बापापासून तर कोणताही धोका नाही, तरी ओडिसियस बापालाही आधी खोटं सांगतो! सवय सुटत नाही ती अशी. बाप माती मुठीत घेऊन पांढऱ्या डोक्यावर ओततो, तेव्हा याचा बांध फुटतो. खूण म्हणून तो व्रण दाखवतो, आणि मग झाडं मोजतो: लहानपणी तुमच्या मागे मागे मी या बागेतून फिरायचो, तुम्ही मला १३ नाशपाती, १० सफरचंदं, ४० अंजिरं दिलीत, आणि द्राक्षवेलींच्या ५० रांगा देईन म्हणालात. राजाची ओळख पटते ती लहान पोराच्या आठवणीवर.

दुसरं कारण युपिथीस. मेलेल्या मागणीदार अँटिनोअसचा हा बाप इथाकेच्या लोकांपुढे रडत बोलतो. या माणसानं आपली इतकी पोरं जहाजांतून नेली, जहाजंही गेली आणि पोरंही. आता परत येऊन त्यानं उरलेल्यांतली उत्तम माणसं मारली. याला उत्तर काय द्यायचं? ओडिसियसजवळ उत्तर नाही, आणि कवीनं ते त्याच्या तोंडी घातलेलंही नाही. तो शस्त्रं घेऊन बाहेर पडतो, लढाई जुंपते, युपिथीस लाएर्टीजच्या भाल्यानं मरतो. लोक पळू लागले तरी ओडिसियस गरुडासारखा त्यांच्यावर झेपावतो. झ्यूसला वीज टाकावी लागते, अथीनेला सांगावं लागतं की थांब, पुरे कर. तेव्हा तो थांबतो, आणि अथीना दोन्ही बाजूंकडून शपथा घेऊन समेट घडवते.

तुमच्यापैकी ज्यांनी फक्त सफरीचे सर्ग वाचलेत त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, या वेळी १३व्या सर्गापासून सुरुवात करा आणि युपिथीसचं भाषण येईपर्यंत पुस्तक खाली ठेवू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.