महाराष्ट्रात इलेक्ट्रिशियनला काम कुठे आणि हातात किती?

नमस्कार मंडळी. आयटीआयचे निकाल लागले की आमच्याकडे एकच प्रश्न येऊन पडतो: "सर, इलेक्ट्रिशियन ट्रेड झालाय, महावितरणची भरती कधी निघेल?" ती कधी निघेल हे मी सांगू शकत नाही. ती निघेपर्यंत काय करायचं आणि किती कमवायचं, ते आज बोलू.

पण आधी महावितरणच घेऊ, नाहीतर तुम्ही व्हिडिओ पुढे ढकलाल.

डिसेंबर २०२३ मध्ये विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात आली. परीक्षा कधी झाली? २०२५ मध्ये! म्हणजे फॉर्म भरून जो नुसता अभ्यासिकेत बसला, त्याचं वर्षभराहून जास्त गेलं, कमाई शून्य. त्या जाहिरातीत पहिली तीन वर्षं कंत्राटी होती आणि मिळणार होतं मानधन: पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००. तीन वर्षं नीट काढली की तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. पोरं धावतात ती या शेवटच्या वाक्यासाठी, आणि बरोबरच धावतात.

फक्त काम काय आहे ते समजून जा. घरातलं वायरिंग करायला तिथे कुणी पाठवत नाही. पावसात खांबावर चढायचं, फ्यूज टाकायचा, लाईन तुटली तर रात्री निघायचं. आणि मार्च आला की थकबाकी वसुली, लोकांची वीज तोडायला दारात उभं राहायचं, बोलणी खायची. ज्याला हे झेपतं त्याने जरूर जावं. मुंबईकरांनो, तुमच्याकडे बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवर आहेत. भांडुप-मुलुंड मात्र महावितरणकडे.

रेल्वेत टेक्निशियन ग्रेड थ्री किंवा असिस्टंट लोको पायलट, दोन्हीला मूळ वेतन १९,९०० पासून, वर महागाई भत्ता. स्पर्धा देशभरातली.

आता बहुतेकांचं पोट जिथे भरतं तिकडे येऊ. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, म्हणजे एमआयडीसीतले कारखाने. कंपनीचं नाव मोठं असतं, पण गेटवर कार्ड मिळतं ठेकेदाराचं. सुरुवात बहुधा किमान वेतनाच्या आसपास. ठेकेदार म्हणतो, "पंधरा हजार देतो." त्याला लगेच विचारा: हातात किती?

(स्क्रीनवर हिशोब)

पूर्ण १५,००० वर पीएफ धरला तर १२ टक्क्यांनी १,८०० गेले. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे ११३. व्यवसाय कर २००. हातात आले १२,८८७. मुलींनो, महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असेल तर तुम्हाला व्यवसाय कर नाही, कापला असेल तर भांडा. पीएफ मात्र तुमचाच पैसा आहे, त्यावर चिडू नका. चिडायचं ते पगारातून कापून खात्यात न भरणाऱ्यावर. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, मागून घ्या आणि पासबुक स्वतः उघडून बघत जा.

आधी अप्रेंटिसशिप केली तर? २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान विद्यावेतन ७,००० ठरलं. पुण्यात खोली आणि मेस यातच ते संपतं, मान्य. तरी करा, पण जिथे मशीनचं इलेक्ट्रिक पॅनल उघडून बघायला देतील तिथे. वर्षभर नुसत्या ट्यूबलाइट बदलल्या तर प्रमाणपत्र मिळेल, हात तयार होणार नाही. कारखान्यात पगार वाढतो तो व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) फॉल्ट वाचणाऱ्याचा, पीएलसीवर (मशीन चालवणारा छोटा संगणक) लॅपटॉप जोडून लाईन चालू करून देणाऱ्याचा. रात्रपाळीत मशीन थांबलं की साहेब ज्याला फोन करतो, तो माणूस व्हा.

आणि आता माझा आवडता विषय, ज्यावर कुणी रील करत नाही. परवाना.

आपल्याकडे कितीतरी चांगले कारागीर वर्षानुवर्षं पॉइंटवर, म्हणजे दिवा-पंखा-सॉकेटच्या प्रत्येक जोडणीमागे दर लावून, काम करतात. झिरी मारणं (पाइपसाठी भिंतीत खाच पाडणं), स्लॅबमध्ये पाइप टाकणं, वायर ओढणं, डीबी (एमसीबींची पेटी) बसवणं, सगळं हेच करतात. पण नवीन मीटरच्या अर्जाला टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि त्यावर सही चालते परवानाधारक विद्युत ठेकेदाराची. घाम एकाचा, सही दुसऱ्याची. सहीचे पैसे वेगळे, आणि बिल्डरशी दर ठरवायलाही तोच बसतो.

राज्याच्या ऊर्जा विभागाचं अनुज्ञापक मंडळ हे परवाने देतं. आधी तारतंत्री (वायरमन), मग पर्यवेक्षक, त्यापुढे ठेकेदार. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसारही वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराने, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. म्हणून पहिल्या नोकरीपासून अनुभवाचं पत्र मागा. लेटरहेडवर, तारखांसकट, सही-शिक्क्यासह. नोकरी सोडल्यावर मागायला गेलात तर हेलपाटे मारावे लागतात.

पॉइंटवर काम घेताना दर विचारण्याआधी पॉइंट कसा मोजणार ते विचारा. एसीचा पॉवर पॉइंट वेगळा धरला का? झिरी बुजवायची कुणी? अर्थिंग यातच की बाहेर? दर चांगला असूनही घाटा होतो तो इथेच.

शेवटचं, सोलर. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, लक्ष्य १ कोटी घरं, तीन किलोवॅटला ७८,००० अनुदान. आपल्याकडे गावोगाव सौर कृषिपंप बसतायत, शेतकऱ्याचा हिस्सा फक्त १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. बसवणाऱ्या कंपन्या लांबच्या असतात, त्यामुळे पंप बंद पडला की शेतकरी तालुक्यातच माणूस शोधतो. डीसी बाजूचं (पॅनलकडून येणाऱ्या विजेचं) काम, इन्व्हर्टर, कंट्रोलर, एवढं शिकून घेतलंत तर तालुक्याच्या गावी छोटं दुकान टाकून दुरुस्तीची कामं मिळतील. एक सांभाळा: ऊन असताना पॅनलची डीसी वायर जिवंतच असते. घरचा एमसीबी पाडला म्हणून ती मेली असं समजू नका.

तारतंत्रीच्या परवान्याचा अर्ज भरायला बसलात आणि कुठला कागद अडला, तर खाली लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करतो.