भरली लिफ्ट उतरताना ड्राइव्ह का ट्रिप होतो?

जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल. हजार किलो गोण्या घेऊन मालाची लिफ्ट खाली निघते आणि मध्येच थांबते. ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रावर, 'ओव्हरव्होल्टेज' दिसतं. उतरत्या वजनाने मोटर फिरते आणि जनरेटर बनते. ती वीज डीसी बसमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरवर, साठते. ४१५ व्होल्टच्या लाइनवर बस ५८५ च्या आसपास असते. ८०० च्या पुढे गेली, की ड्राइव्ह ट्रिप होतो. ही वीज जाळायला ब्रेकिंग रेझिस्टर लागतो.

मोटर १० एचपी, वेग सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे वजनाची ताकद सुमारे ४.९ किलोवॅट. गिअरबॉक्स आणि मोटर यांत काही वाया जाऊन ड्राइव्हकडे साधारण ३.७ येते. चॉपर, म्हणजे बस चढली की रेझिस्टर जोडणारा ड्राइव्हमधला स्विच, ७६० व्होल्टला चालू होत असेल, तर ७५ ओहमचा रेझिस्टर ७.७ किलोवॅटपर्यंत जाळतो, पुरेसा आहे. दर मिनिटात लिफ्ट २० सेकंद उतरते, म्हणून सरासरी सव्वा किलोवॅट. रेझिस्टर २ किलोवॅटचा घ्यावा. 'कमी ओहम, जोरदार ब्रेक' हा समज महागात पडतो: २० ओहम लावला तर ३८ अँपिअर वाहतात आणि चॉपरचा ट्रान्झिस्टर जातो. मॅन्युअलमधल्या किमान ओहमखाली जाऊच नये.

लाइन बंद केल्यावर किमान दहा मिनिटं थांबा, मग डीसी बस मीटरने मोजा. रेझिस्टर डीसी प्लस आणि पीबी या टर्मिनलांवर येतो. प्लस-मायनसमध्ये लावला तर तो चोवीस तास साडेचार किलोवॅट जाळत बसेल.

चॉपर शॉर्ट झाला तर ड्राइव्ह काहीही करू शकत नाही. म्हणून रेझिस्टरवरच्या थर्मल स्विचची वायर थेट इनकमिंग कॉन्टॅक्टरच्या (ड्राइव्हला लाइन देणाऱ्या स्विचच्या) कॉइलमध्ये घ्या. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात; बंद पॅनलमध्ये रेझिस्टर नकोच. बाहेर, उंचावर, जाळीच्या आवरणात बसवा. टरफल आणि चुणी त्यावर साचू देऊ नका, धूळ पेट घेते. जिनिंगमध्ये कापसाच्या तंतूंचा धोका त्याहून मोठा.

मेकॅनिकल ब्रेक मात्र ठेवायचाच. लाइट गेली की रेझिस्टर वजन धरत नाही.

आता पॅरामीटर. चॉपर चालू करा आणि 'ओव्हरव्होल्टेज स्टॉल' बंद करा, नाहीतर ड्राइव्ह वेग स्वतःच बदलत राहतो. भरली लिफ्ट उतरवून डिस्प्लेवर बस बघा. आकडा ७६० पाशी अडला पाहिजे. ८०० कडे चढत असेल आणि रेझिस्टर गार असेल, तर चॉपर चालू नाही किंवा वायर तुटली आहे. लिफ्ट थांबलेली असताना रेझिस्टर तापत असेल, तर चॉपर शॉर्ट आहे किंवा रेझिस्टर प्लस-मायनसमध्ये लागला आहे; लाइन ताबडतोब काढा.