खेचरं गाडीत बसून डोंगर उतरायची

मंडळी, आजच्या गप्पांचा विषय सेंट्रालियाचा जाहीर झालाय, पेनसिल्व्हेनियातल्या जळणाऱ्या गावाचा, पण आधी दहा मिनिटं तिथल्याच जिम थॉर्प गावाला जाऊ. तुमच्यातले बरेच जण ऑक्टोबरमध्ये तिथे जाऊन आलेत, हो ना? रंगीत पानं बघितली, फोटो काढले, कॉफी घेतली की परत न्यू जर्सी. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण गावामागच्या डोंगरात अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेंपैकी एक पडून आहे आणि तिकडे कोणी चढत नाही.

गावाचं जुनं नाव मॉक चंक. १८२७ साली समिट हिलच्या खाणीपासून इथपर्यंत नऊ मैल रूळ टाकले, इंजिन नाहीच! कोळशाने भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली. रिकाम्या वर कोण ओढणार? खेचरं. मग खेचरं खाली कशी येणार? तर त्यांच्यासाठी वेगळ्या गाड्या, समोर चारा, खात खात डोंगर उतरायचा. आणि असं सांगतात की एकदा ही सवय लागल्यावर पायी उतरायचं म्हटलं की ती जागची हलायचीच नाहीत. हसा, हसा, पण सगळं गणित यातच आहे, खाली येणं फुकट आणि वर जाणं महाग! म्हणून पुढे १८४० च्या दशकात वर जायला वेगळी लाइन टाकली, डोंगरमाथ्यावर वाफेची इंजिनं बसवली. १८७२ मध्ये कोळसा बोगद्यातून जायला लागला, मग लोकच मजा म्हणून त्या उतारावर बसायला लागले, अमेरिकेतल्या रोलर कोस्टरला प्रेरणा इथूनही मिळाली. १९३३ ला बंद, रूळ भंगारात.

रूळ गेले पण उतार गेला नाही, माझं म्हणणं एवढंच आहे. मार्चमध्ये झाडं उघडी असताना जा. झाडीत एक पट्टा एकसारखा हळूहळू उतरत जातो, तसा उतार डोंगर आपणहून करत नाही. मला तिथे बोटाएवढा कोळसा सापडला, काचेसारखा चकचकीत, हात काळे होतील म्हणून रुमाल काढला तर डागच नाही. हा अँथ्रासाइट, पेटायला महा अवघड. हाच कोळसा खाली लीहाय नदीवर, आधी लाकडी तराफ्यांतून, ते परत येऊ शकत नसत म्हणून फिलाडेल्फियात मोडून लाकूड विकायचे, आणि १८२९ पासून ईस्टनपर्यंतच्या कालव्यातून, तिथेही नावा ओढायला खेचरंच. काठावरची त्यांची वाट आज आपल्याला चालायला आहे.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, तर सेंट्रालिया. हाच कोळसा पेटला की विझत नाही. १९६२ मध्ये जुन्या खाणीच्या खड्ड्यातला कचरा पेटवला, आग जमिनीखालच्या कोळशाला लागली, आजही आहे. १९८१ मध्ये बारा वर्षांचा मुलगा अचानक खचलेल्या जमिनीत गेला, चुलतभावाने ओढून काढला. १९८४ ला स्थलांतरासाठी ४.२ कोटी डॉलर मंजूर झाले, हजारभर वस्तीतले बहुतेक गेले, २००२ मध्ये पिनकोडही काढून घेतला. धूर बघायला जाऊ नका, बहुतेक वेळा दिसतच नाही. फुटपाथच्या कडा बघा, घरात गाडी न्यायला जागा सोडलेली आहे आणि मागे नुसतं गवत. डोंगरावरचं युक्रेनियन चर्च मात्र अजून चालू आहे, गाव सोडून गेलेली माणसं तिथे प्रार्थनेला येतात.