घरच्या लिंबाचं कलम आणि खैऱ्या

वरुडच्या पुढे शेंदुरजनाघाटाकडे निघालात की रस्त्याला नर्सऱ्याच नर्सऱ्या, संत्र्याची कलमं इथून कुठे कुठे जातात. पण आपण आलोय एका घराच्या परसात, काका इथे घरापुरती कागदी लिंबाची कलमं करतात. डिसेंबर चालू आहे, डोळे भरायचा, म्हणजे चांगल्या झाडाची कळी दुसऱ्या रोपात बसवायचा, हाच सीझन.

आता हा चाकू बघा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला, पातं दोन्ही बाजूंनी पुसलं, वाळू दिलं, मगच पहिला काप. दुसऱ्या झाडाकडे वळले की परत तेच, कंटाळा नाही करायचा, कारण खैऱ्या म्हणजे कँकर हा बॅक्टेरियाचा रोग, आत शिरायला त्याला नुसती जखम पुरते, आणि कलम करताना आपण मुद्दाम जखमच तर करतो.

हे पान उन्हासमोर धरलंय. मधे तपकिरी फोड, बोट फिरवलं की खरखर लागतं, भोवती पिवळं कडं. नागअळीने पोखरलेल्या पानावर तर हे हमखास. फोड फांदीवर येतात, फळावरही येतात. काकांनी या झाडाची एकही डोळकाडी, म्हणजे डोळे काढायची फांदी, घेतली नाही, ज्या फांदीची पानं चांगली दिसतात तिचीसुद्धा नाही.

खुंट, म्हणजे ज्यावर डोळा बसवायचा ते रोप, रंगपूर लिंबाचा, पेन्सिलीएवढा जाड. जमिनीपासून वीतभर वर टी आकाराचा काप घेतला, साल हळूच उचलली, देठासकट डोळा आत सरकवला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळला, डोळा तेवढा उघडा ठेवून. काकांचा हात बघत राहावा असा आहे.

पाणी बुडाशीच, वरून फवारा मारला तर थेंबांबरोबर रोग शेजारच्या रोपावर उडतो. नव्या पालवीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड, लीटरला 3 ग्रॅम. रोगट फांद्या छाटून जाळायच्या.

लिंबाचा दुसरा रोग ग्रीनिंग, तो पण बॅक्टेरियाचाच, पण तो झाडाच्या आत राहतो आणि डोळ्यातून येतो, सिट्रस सिला ही कीडही तो पसरवते, तिथे चाकू कितीही पुसा, उपयोग नाही, औषधही नाही, झाड काढावंच लागतं. म्हणून डोळकाडी खात्रीच्या झाडाचीच हवी, नाहीतर नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांची चौकशी करा.

तीन आठवड्यांनी देठाला बोट लावून बघायचं. टपकन गळला तर डोळा लागला, वाळून तिथेच चिकटून बसला तर खुंटाच्या दुसऱ्या बाजूला नवा डोळा भरायचा.