थंडीतले ढग आणि हवामानाचा अंदाज

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात डिसेंबर उजाडला की हवामानाच्या बातमीत आपण एकच आकडा शोधतो: आज किमान तापमान किती उतरले? वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून गेलेला असतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळाच्या वाट्याला सरासरीने काही मिलिमीटरच येतात. असे असताना ‘आकाश अंशतः ढगाळ राहील’ हे वाक्य कानावर पडले की कोणी माळ्यावरची छत्री काढतो आणि पाऊस आला नाही की हवामान खात्याच्या नावाने बोटे मोडतो. वास्तविक त्या वाक्यात पावसाचे नावही नसते. माझ्या मते आपल्याकडच्या हिवाळी ढगाची खरी बातमी पावसाची नसून रात्रीच्या उबेची असते.

दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. आकाश निरभ्र असेल, हवा कोरडी असेल आणि वारा पडलेला असेल, तर ही उष्णता विनाअडथळा निघून जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा तळाला पोहोचतो. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. एरवी या दिवसांत ते सरासरीने अकरा-बारा अंशांच्या आसपास राहते. याउलट ढग आले की ते जमिनीकडून आलेली उष्णता शोषून तिचा काही भाग खाली परत पाठवतात, म्हणजे शहरावर रात्रभर गोधडीच पांघरली जाते. उत्तरेकडचे कोरडे वारे थांबून पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरावरून, बाष्प येऊ लागले की ‘किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी वाढ’ असा अंदाज दिला जातो, तो यामुळेच.

किमान तापमानाचा आकडा कोठला, हेही विचारायला हवे. शिवाजीनगरच्या ज्या वास्तूला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो, तिथे १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून आले. ते पुढे दिल्लीला गेले, पण नाव चौकाला चिकटून राहिले. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव आणि मगरपट्टा येथे एकाच पहाटे काही अंशांचा फरक दिसतो, कारण सखल, मोकळ्या भागात थंड हवा साचते, तर दाट बांधकामाच्या भागात भिंती आणि रस्ते दिवसाची उष्णता धरून ठेवतात.

आता ढगांकडे वळू. आकाशात उंचावर पांढरे, विरळ तंतू दिसतात ते सिरस ढग. ते हिमस्फटिकांचे असतात आणि त्यांच्यातून आपल्या अंगणात थेंबही पडत नाही. त्यांचाच पातळ, पसरट थर आला की चंद्राभोवती खळे पडते. खळे पडले की पाऊस येतो, असे जुनी माणसे म्हणत. ते अगदीच निराधार नाही, मात्र पुण्याच्या हिवाळ्यात बहुतेक वेळा हा थर तसाच पुढे सरकून जातो. त्याखाली, साधारण दोन ते सात किलोमीटर उंचीवर, करड्या रंगाचा अल्टोस्ट्रेटस येतो आणि सूर्य घासलेल्या काचेतून दिसावा तसा फिका होतो. यातून कधी कधी पाऊस सुटतोही, पण खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. ढगाच्या तळाशी लोंबणारे आणि अधांतरीच विरणारे करडे पट्टे दिसले, तर समजावे की पाऊस पडतो आहे, फक्त आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

खरा अवकाळी पाऊस यायला खालच्या थरातही ओलावा लागतो. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अरबी समुद्रावरून असा ओलावा आला आणि पावसाबरोबर गारठाही वाढला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागांत उघड्यावर बसलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या आणि नारायणगावच्या द्राक्ष बागायतदारांना घडांची कूज व डाऊनी या बुरशीजन्य रोगाची चिंता लागली. शेतकऱ्याला अंदाजातला शब्द न् शब्द कामाचा असतो तो यासाठी.

त्या शब्दांना ठरलेली मापे आहेत. आकाशाचे आठ भाग कल्पून ढगांनी किती व्यापले ते मोजतात. तीन ते चार भाग झाकले असतील तर ते ‘अंशतः ढगाळ’. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. तेव्हा कोथरूड कोरडे राहून हडपसर भिजले, तरी अंदाज बरोबरच ठरतो. ‘हलका पाऊस’ अडीच मिलिमीटरपासून साडेपंधरा मिलिमीटरपर्यंतचा, आणि एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पावसाचा हिशेब सकाळी साडेआठला बंद होतो. त्यामुळे आज रात्री दहा वाजता सर आली, तर तिचा आकडा उद्याच्या तारखेखाली शोधावा.